एकोणीस जागा

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या प्रकाशकांचा मेल आला. मी कन्नडमधून मराठीत आणलेल्या एका कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघायची होती. तूर्त छपाई थांबवली आहे, असं मेलमध्ये लिहिलं होतं आणि सोबत एक तक्ता जोडला होता. संग्रहातल्या एका कथेचं मराठी भाषांतर चाळीसेक वर्षांपूर्वी सोलापूरकडच्या एका दिवाळी अंकात येऊन गेलं होतं. कुणा चोखंदळ वाचकानं ते आणि माझं भाषांतर शेजारी शेजारी ठेवून तंतोतंत जुळणाऱ्या जागा काढल्या होत्या. एकूण एकोणीस. खाली एकच ओळ होती: ‘आपला खुलासा कळवावा.’

मी ते जुनं भाषांतर पाहिलेलं नव्हतं. निदान त्या दिवशी मला तसं ठामपणे वाटत होतं.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर अगदी वेगळं काम होतं. एका लोकविज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातलं वनस्पतींवरचं प्रकरण मराठीत करायचं होतं. तुलनात्मक साहित्यात एम.ए. केलेल्या बाईनं प्रकाशसंश्लेषणाच्या वाटेला का जावं, असं कुणीही विचारेल; पण बेंगळुरूतलं घरभाडं भाषांतरावर भागवायचं तर विषय निवडता येत नाहीत. अन्न बनवण्याची एक अधिक कार्यक्षम रीत वनस्पतींच्या वेगवेगळ्या कुळांत पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे कशी उत्क्रांत झाली, हा त्या प्रकरणाचा विषय होता. चोरीचा आळ डोक्यावर घेऊन मी ते वाक्य मराठीत करत बसले होते: ‘ही रीत निदान साठ वेळा, एकमेकांपासून न घेता, घडली.’

आपण शाळेत शिकतो ते एवढंच, की पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि सूर्यप्रकाश व पाणी वापरून साखर बनवतं. हा कार्बन पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. रुबिस्को फार जुनं आहे. ते घडलं तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, त्यामुळे दोन वायूंमधला फरक काटेकोरपणे ओळखण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. आज हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आहे आणि कार्बन डायऑक्साइड हजारात अर्धा भागसुद्धा नाही. मग रुबिस्को अधूनमधून चुकून ऑक्सिजनच उचलतं. ती चूक निस्तरायला झाडाला ऊर्जा खर्चावी लागते आणि आधी पकडलेला काही कार्बनही सोडून द्यावा लागतो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. ऊन तापलं की चुका वाढतात. पाणी वाचवायला पान आपली रंध्रं मिटून घेतं, आतला कार्बन डायऑक्साइड आणखी कमी होतो आणि चुका आणखी वाढतात.

माझं बालपण सोलापुरात गेलं. उन्हाचं गणित मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ज्वारीच्या पूर्वजांत यावर जी तोड निघाली, तिच्यात रुबिस्को बदललं नाही. त्याची बसायची जागा बदलली. पानाच्या शिरांभोवती पेशींचं एक जाड कडं असतं. रुबिस्को त्या कड्याच्या आत गेलं. बाहेरच्या पेशींत पेप कार्बॉक्सिलेज नावाचं दुसरं विकर कामाला लागलं, जे ऑक्सिजनला फसत नाही. ते कार्बन पकडून चार कार्बन अणूंचं एक आम्ल बनवतं. हे आम्ल आतल्या कड्यात जातं, तिथं फुटतं, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. रुबिस्कोभोवती त्याची इतकी दाटी होते, की ऑक्सिजन उचलायला फारशी संधीच उरत नाही. सुरुवातीला चार कार्बनचा पदार्थ तयार होतो, म्हणून या रीतीला सी-४ म्हणतात. भात, गहू, तूर, कापूस यांची जुनी रीत सी-३.

त्या कड्याला वनस्पतिशास्त्रात ‘क्रान्झ’ म्हणतात. शब्द जर्मन आहे, आणि एकोणिसाव्या शतकात हाबरलांट या शास्त्रज्ञानं ही रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णिली, तेव्हापासूनचा आहे. त्याला मराठीत काय म्हणावं, यात माझी एक अख्खी सकाळ गेली. पुष्पचक्र म्हटलं की श्रद्धांजली आठवते. माळ खाली लोंबते. गजरा अर्ध्यावर थांबतो. शेवटी ‘कडं’ लिहिलं. माझ्याआधी कुणी ‘कडं’ लिहिलं असेल का, हा प्रश्न एरवी मला पडला नसता. त्या दिवशी पडला, आणि तो शब्द खोडून मी पुन्हा तोच लिहिला. दुसरा बसत नव्हता.

सी-४ वनस्पती पृथ्वीवरच्या वनस्पतींच्या जातींत जेमतेम ३ टक्के आहेत. पण जमिनीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला सुमारे चौथा भाग त्या करतात. ज्वारी, मका आणि ऊस एकाच घराण्यातले, त्यांचा वारसा एक. बाजरीत ही रीत वेगळी उपजली, नाचणीत आणखी वेगळी. राजगिरा आणि माठ तर गवतंही नाहीत, तरी तेही सी-४. आत गेलेलं आम्ल फोडायला ज्वारी एक विकर वापरते, नाचणी आणि राजगिरा दुसरंच. शेवट सारखा, मधली वाट निराळी.

मग एकाच तोडीकडे इतकी कुळं कशी वळली? एक कारण बाहेरचं. गेल्या तीनेक कोटी वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला आणि उष्ण, उघड्या, कोरड्या जागी जुन्या रीतीचा तोटा वाढला. आजच्या पाकिस्तानातल्या शिवालिक टेकड्यांच्या जुन्या मातीत याची नोंद आहे. सी-३ आणि सी-४ वनस्पती कार्बनचे जड-हलके अणू वेगवेगळ्या प्रमाणात घेतात, आणि ते प्रमाण मातीतल्या चुनखडीत टिकून राहतं. त्यावरून दिसतं, की ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात तिथं सी-४ गवतांनी पूर्वीच्या वनस्पतींची जागा घेतली.

दुसरं कारण आतलं. या रीतीला लागणारे भाग नवे नव्हतेच. पेप कार्बॉक्सिलेज प्रत्येक झाडात असतं, भातातही आणि तुरीतही, किरकोळ घरकाम करत. आम्ल फोडणारी विकरंही होतीच. नवी होती ती मांडणी. पण मांडणीलाही आधी जागा लागते. ज्या गवतांच्या शिरा आधीच जवळजवळ होत्या आणि शिरांभोवतीच्या पेशी मोठ्या होत्या, त्यांच्यातच हे पुन्हा पुन्हा घडलं. भात आणि गहू गवताच्या ज्या शाखेत मोडतात, तिच्यात ते एकदाही घडलेलं नाही. भातात सी-४ रीत बसवण्यासाठी अनेक देशांतले शास्त्रज्ञ एकत्र येऊन पंधराहून अधिक वर्षं खटपट करत आहेत आणि अजून तसा भात शेतात आलेला नाही. ज्वारीच्या घराण्यात जे आपोआप झालं, ते भातात ठरवूनही होत नाही.

इथपर्यंत आले आणि मला हायसं वाटलं. खुलासा सापडला होता. मी तक्ता उघडला आणि एकेका जागेसमोर शेरा लिहू लागले.

तिसरी जागा: कथेतली म्हातारी सुनेला म्हणते, ‘माझी चूक पोटात घाल.’ दोन्ही भाषांतरांत हेच वाक्य. पण कन्नडमध्येही क्षमा करणं म्हणजे चूक ‘होट्टेगे हाकिकोळ्ळोदु’, पोटात घालून घेणं. दोन्ही भाषांत तोच वाक्प्रचार तयार असताना मराठी भाषांतरकार दुसरीकडे जाईल कशाला? सातवी जागा: ‘मुस्संजे’ला दोघींनीही ‘तिन्हीसांजा’. त्या शब्दात संजे, आपल्यात सांज. आणखी काय लिहिणार? ‘रोट्टी’ची ‘भाकरी’ दोघींकडे, कारण ती ज्वारीची आहे आणि ज्वारीच्या भाकरीला मराठीत पोळी म्हणत नाहीत. जुन्या भाषांतराखाली नाव होतं ते सोलापूरच्याच एका शिक्षिकेचं. म्हणजे शिरा आधीच जवळजवळ होत्या. एकच गाव, त्याच दोन भाषा, तीच कथा. दोन भाषांतरं जुळली नसती तरच नवल.

मी प्रकाशकांना दोन पानी उत्तर लिहिलं. तुलनात्मक साहित्यात प्रभाव आणि समांतर घडण यांत फरक करतात, हे आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच सत्रात शिकवलं होतं. तेही त्यात घातलं. ज्वारी आणि राजगिराही घातला. उत्तर मला फार आवडलं. पाठवायचं तेवढं राहिलं, कारण प्रकरणाची शेवटची चार पानं अजून बाकी होती.

त्या पानांत दोन गोष्टी होत्या. पहिली या रीतीच्या शोधाची. हवाईमध्ये उसावर काम करणाऱ्या संशोधकांना आढळलं, की उसाच्या पानात किरणोत्सारी कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लांत दिसतो. त्यांनी ते १९६५ मध्ये छापलं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये हॅच आणि स्लॅक यांनी ते काम पुढे नेऊन १९६६ मध्ये या रीतीची मांडणी दिली. पण त्याआधी, १९६० मध्येच, सोव्हिएत रशियात कार्पिलोव्ह यांनी मक्यात असंच काही पाहून कझानमधून प्रसिद्ध केलं होतं. ते रशियनमध्ये होतं. बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. हवाईचं काम कार्पिलोव्हपेक्षा स्वतंत्र. ब्रिस्बेनचं काम मात्र हवाईवर उभं, आणि हॅच यांनी ते ऋण उघड मान्य केलेलं. वरवर पाहता तिघांनी एकच गोष्ट सांगितली. खोलात पाहिलं तर त्यात दोन वेगळी नाती होती.

दुसरी गोष्ट एका गवताची. ॲलोटेरॉप्सिस सेमिअलाटा हे आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात उगवतं. या एकाच जातीत काही गवतं सी-३ आहेत, काही सी-४ आणि काही अधलीमधली. रीत घडते कशी, हे पाहायला याहून चांगली जागा नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं तपासली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून निघालं ते असं, की या गवताच्या सी-४ मांडणीतली काही महत्त्वाची जनुकं त्याची स्वतःची नव्हतीच. ती दूरच्या नात्यातल्या, आधीच सी-४ असलेल्या गवतांकडून आली होती, वंशपरंपरेनं नव्हे तर आडवी. हे कळलं ते अशासाठी, की त्यांनी अख्ख्या गवताकडे पाहून निकाल दिला नाही. एकेक जनुक घेऊन त्याचा वंशवृक्ष मांडला. बहुतेक जनुकांचा वृक्ष गवताच्या वृक्षाशी जुळला. काहींचा जुळला नाही. ती जनुकं परक्या घरात जाऊन बसत होती.

आम्ही पाठचिकित्सेत हेच शिकलो होतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, जी १९६६ मध्येच पुरी झाली, तिच्या मागे हा विचार आहे: दोन हस्तलिखितं योग्य पाठावर जुळली तर त्यातून फारसं सिद्ध होत नाही. मुळात नसलेल्या गोष्टीवर जुळली, तर नातं शोधावं लागतं.

मी तक्ता पुन्हा उघडला. या वेळी प्रश्न बदलला: हे मुळात आहे का?

चौदाव्या जागेला थांबले. मुलाची वाट पाहणारी म्हातारी दिवसभर बसून राहते. माझं वाक्य होतं, ‘ती दिवसभर पालथ्या पायलीसारखी गप्प बसून राहिली.’ जुन्या भाषांतरातही अगदी हेच. कन्नडमध्ये फक्त ‘सुम्मने कूतळु’ आहे, गप्प बसली. पायली नाही. मापच नाही. त्या वाक्याचं माझ्या मित्रमंडळींत कौतुक झालं होतं. मी एका कार्यक्रमात ते उदाहरण म्हणून वाचूनही दाखवलं होतं, की भाषांतरकाराला आपल्या मातीतलं काही कधी कधी घालावं लागतं.

सोलापुरात आत्याच्या घरी माळ्यावर दिवाळी अंकांच्या चळती होत्या. तेरा-चौदा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या मी त्या माळ्याखालच्या खोलीत, पंख्याखाली, ते अंक वाचण्यात घालवल्या. आत्तेभावाला फोन केला. तो म्हणाला, “अगं, ते रद्दीत जाऊन वीस वर्षं झाली. कुठले कुठले होते, आता काय सांगू?” म्हणजे पुरावा नाही. माझ्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही.

दोन पानी उत्तर मी पाठवलं नाही. प्रकाशकांकडून त्या शिक्षिकाबाईंचा पत्ता मागवला आणि त्यांना पत्र लिहिलं. अठरा जागा आपल्या दोन भाषांनी जुळवल्या असं मला वाटतं, पायली मात्र तुमची असावी, आणि ती माझ्याकडे कशी आली ते मला आठवत नाही, असं लिहिलं. तक्ता आणि दोन्ही भाषांतरं सोबत जोडली.

पंधरा दिवसांनी फोन आला. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. “तूच का ती? बेंगळुरूची?”

“हो बाई. नमस्कार करते.”

“पायली माझीच आहे. आमच्या घरी खळ्यावर माप संपलं की पायली पालथी घालायचे. राहू दे तुझ्याकडेही. पण विचारलंस, बरं केलंस.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पण अठरा म्हणू नकोस. सतरा म्हण. बोळ पाहिलास का?”

मी पाहिला नव्हता. म्हणजे त्याला भाषेच्या खात्यात टाकून पुढे गेले होते. कन्नडमधल्या ‘ओणी’ला दोघींनीही ‘बोळ’ म्हटलं होतं.

“ओणी काय अरुंद असते?” बाई म्हणाल्या. “पुढच्या परिच्छेदात त्यातून बैलगाडी येते. बोळातून बैलगाडी कशी येईल? अंक छापून आला त्या दिवशी मला ते दिसलं. इतकी वर्षं खुपतंय. चूक माझी होती, मला कारण ठाऊक आहे, घाई. तुझ्याकडे ती कशी आली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या गल्लीला घरात बोळच म्हणायचे, त्यामुळे हात आपोआप तिकडे गेला असेल. किंवा माळ्याखालच्या खोलीतून पायलीबरोबर बोळही आला असेल. एकसारखी चूक म्हणजे एकच उगम, असं मी नुकतंच स्वतःला पटवलं होतं. पण प्रकरणात एक गोष्ट अशीही होती: पेप कार्बॉक्सिलेजच्या लांबलचक साखळीत एका ठरावीक जागी ॲलानिन जाऊन सेरीन येणं, हा बदल सी-४ गवतांतही सापडतो आणि सूर्यफुलाच्या कुळातल्या फ्लॅव्हेरियातही. त्यांच्यात देवाणघेवाण झालेली नाही. तीच जागा, तोच बदल, तरी दोनदा. मी ते बाईंना सांगितलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तुला माहीत नाही.”

“नाही, बाई.”

“मग तसंच लिही.”

दुसरी आवृत्ती पाच महिने उशिरा निघाली. कथेखाली आता चार ओळींची टीप आहे. तिच्यात बाईंच्या भाषांतराचा उल्लेख आहे, पायली त्यांची आहे असं म्हटलं आहे, आणि एका जागेबद्दल खात्री देता येत नाही असंही. बोळाची मी आळी केली. आळीतून बैलगाडी येते. टीप वाचून एका परिचितानं विचारलं, एवढं सांगायची काय गरज होती, कुणाला कळणार होतं? प्रकाशकांनी पुढचा करार मात्र अजून पाठवलेला नाही, आणि तो न येण्याचं कारण ही टीप आहे की आधीचा तक्ता, ते मी विचारलेलं नाही.

लोकविज्ञानाचं पुस्तक छापून आलं. ‘ही रीत निदान साठ वेळा, एकमेकांपासून न घेता, घडली’ या वाक्यात मी ‘बहुतेक ठिकाणी’ असे दोन शब्द घालावेत का, असं मूळ लेखकांना लिहून विचारलं होतं. त्यांनी लगेच होकार दिला.